निनावी विस्तव

चिरूट किंवा पाईप ओढणाऱ्याने लायटर कोणता घ्यावा, या प्रश्नाला या पानांत जागा मिळालेली पाहून कित्येक वाचकांच्या कपाळी आठी पडेल. कीर्तन, व्रते आणि क्षेत्रमहिमा यांच्या पंगतीत तंबाखूला पाट कशासाठी? तंबाखू देहास घातक आहे, हे आता वादाच्या पलीकडे गेले आहे आणि तिची वकिली आम्हांस करावयाची नाही. आमचा तंटा तिच्या विस्तवाशी आहे. जो दहा-वीस रुपयांचा प्लास्टिकचा लायटर पाईप पेटवितो, तोच आज उदबत्ती पेटवितो, कापूर पेटवितो आणि संपला की देवळाच्या पायरीखाली पडतो.

जामसांवलीचेच पाहा. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसर तालुक्यात, पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीचे हे स्थान. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा सौंसर त्यात आले. पण मंगळवारी-शनिवारी दर्शनाला निघालेल्या विदर्भातील माणसाला मध्ये राज्याची सीमा आहे, याची आठवणही होत नसेल. अशा क्षेत्रांच्या वाटेवर नारळ, शेंदूर आणि रुईच्या माळा यांच्या शेजारी रंगीबेरंगी लायटरांचा डबा आता सर्रास दिसतो. घेणारा घेतो, देणारा देतो, आणि त्या वस्तूवर कोणाचे नाव आहे हे दोघेही पाहत नाहीत.

आधी मूळ प्रश्नाचा निकाल लावू. पाईप ओढणारे गृहस्थ आमच्या परिचयात आहेत आणि त्यांच्या मताला आम्ही मान देतो, कारण विस्तवाचा असा चिकित्सक दुसरा सापडणे कठीण. पाईपच्या वाटीत ज्योत वरून खाली ओढली जाते. सबब तिला मऊ, पिवळी, वाकणारी ज्योत हवी. हल्ली बाजारात फुत्कार टाकणारे निळ्या झोताचे लायटर आले आहेत. त्यांची उष्णता हजार अंशांच्या पुढे जाते, तंबाखू करपते आणि वाटीचा लाकडी काठ जळतो. सिगारचे निराळे. तिचे टोक ज्योतीपासून किंचित दूर धरून फिरवीत शेकावे लागते; उघड्यावर वारा असेल तर तेथे निळा झोत चालतो. पेट्रोलवर भिजलेल्या वातीचा लायटर वाऱ्यात विझत नाही, पण पहिल्या क्षणी तंबाखूला इंधनाचा वास देतो. ब्युटेन वायूला ती खोड नाही. आणि साधी काडी? तिच्या डोक्यावरील रसायन जळून जाईपर्यंत थांबले, की तिच्यासारखी ज्योत नाही. जॉन वॉकरने १८२७ साली इंग्लंडात घर्षणाची काडी प्रथम विकली. त्यापूर्वी आमच्या पूर्वजांनी चकमक आणि गार यांवर भागविले. आजच्या लायटरमधील गारही निसर्गातली नव्हे. आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने १९०३ साली पेटंट घेतलेला तो मिश्रधातू आहे.

हे सारे जाणणारा मनुष्य लायटर घेताना कोणत्या गोष्टी पाहतो? ज्योत कशी आहे, वायू पुन्हा भरता येतो का, झिजलेली गार बदलता येते का, आणि बिघडल्यास दाद कोणाकडे मागावयाची. अमेरिकेत ब्रॅडफर्ड गावी १९३२ साली निघालेल्या झिप्पो कंपनीने बिघडलेला लायटर विनामूल्य दुरुस्त करून देण्याची हमी दिली आणि ती पाळली. तिचा लायटर घ्याच, असे आमचे म्हणणे नाही. वस्तूच्या मागे नाव उभे असणे म्हणजे काय, एवढेच त्यावरून कळावे. लाखाच्या घरातले सोनेरी लायटर मिरविणाऱ्यांविषयी आम्हांस विशेष आस्था नाही. तेही किंमतच पाहतात, फक्त दुसऱ्या टोकाकडून.

दुर्दैव असे की आपल्या सरकारनेही किंमतच पाहिली. तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राला पत्र लिहिले. दहा रुपयांचा एक लायटर वीस काडेपेट्यांची जागा घेतो आणि काडेपेटीच्या धंद्यावर जगणाऱ्या लाखाहून अधिक लोकांचा, विशेषतः ग्रामीण स्त्रियांचा, घास जातो, अशी ती तक्रार होती. ती रास्त होती. काडेपेटी कोठे एक रुपयाची दोन रुपयांना होते आहे, तीही चौदा वर्षांनी, १ डिसेंबर २०२१ ला; आणि तेवढ्यात हा पाहुणा दारात. जून २०२३ मध्ये केंद्राने हुकूम काढला: खिशात बाळगावयाच्या ज्या वायूच्या लायटरची विमा-वाहतुकीसह किंमत वीस रुपयांहून कमी, त्याची आयात बंद. हा दंडक पुन्हा न भरता येणाऱ्या लायटरला लागू, तसाच भरता येणाऱ्यालाही लागू! वर्षानुवर्षे चालणारा स्वस्त लायटर आणि आठवड्यात कचरा होणारा लायटर कायद्याच्या तराजूत सारखे ठरले. आणि एकवीस रुपयांचा कचरा मात्र राजरोस आत आला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटे भाग आणून येथे जोडण्याची वाटही बंद करावी लागली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत कानकोरण्या आहेत, शीतपेयाच्या नळ्या आहेत; लायटर नाही.

गोव्यातील आमच्या वाचकांना यात एक जुनी आठवण गवसेल. गोव्यावर ज्याचे राज्य होते त्या पोर्तुगालने स्वदेशी काडेपेटीच्या रक्षणार्थ १९३७ साली असा कायदा केला, की सार्वजनिक ठिकाणी लायटर वापरावयाचा तर परवाना हवा. खिशातील ठिणगीसाठी सरकारी कागद! तो कायदा १९७० पर्यंत टिकला आणि लोकांच्या विनोदाचा विषय झाला. काडेपेटीवाल्यांचे हित आम्हांसही प्रिय आहे; पण धंदा राखण्यासाठी केलेला कायदा वस्तूचा गुण पाहीनासा झाला, की त्यातून पळवाटाच फार निघतात.

आता ज्या मुद्द्यासाठी लेखणी उचलली, तो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाचे एक प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादक भरपाई देतो, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु कलम ८६ असे सांगते, की उत्पादक कोण हेच कळत नसेल तर विक्रेता उत्तरदायी. जामसांवलीच्या वाटेवरील दुकानदाराने हे वाक्य दोनदा वाचावे. सौंसरच्या वैशाखात उन्हात तापलेल्या डब्यात ब्युटेनने भरलेले पातळ प्लास्टिक ठेवले आहे. शून्य अंशाच्या आसपास उकळणारा तो द्रव केवळ दाबाने आत कोंडलेला. उद्या तो एखाद्या पोराच्या हातात फुटला, तर ज्याने दोन रुपये मिळविले त्याच्यावर दावा येईल. बनविणारा सापडणार नाही, आणणारा सापडणार नाही. नारळवाला तेवढा सापडेल, कारण तो रोज तेथेच बसतो. गरिबाचा स्वस्त माल म्हणून या लायटरची तरफदारी करणाऱ्यांनी या गरिबाचेही उत्तर द्यावे.

धूम्रपानाविषयी थोडे. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक स्थळाच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळली आहे, सबब देवळाच्या अंगणात चिरूट चालतो, असा युक्तिवाद आमच्याच व्यवसायबंधूंकडून आम्ही ऐकला आहे. तो लटका आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून अंमलात आलेल्या नियमांनी उघडी प्रेक्षागृहे, क्रीडांगणे, रेल्वे स्थानके, बसथांबे आणि लोकांची ये-जा असलेली तशीच इतर स्थळे त्या सवलतीतून काढून घेतली. हजारो लोक येतात ते अंगण यांच्या पंक्तीत बसत नाही, असे कोणते न्यायालय म्हणेल? पाईपवाल्या आमच्या मित्रांनी लायटर चांगला घ्यावा आणि आवाराच्या बाहेर ठेवावा.

देवस्थानांच्या समित्यांकडून आमची अपेक्षा मोठी नाही. आवारातील दुकानांच्या करारनाम्यात एक कलम घालावे: उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता नसलेला लायटर विकू नये. वेष्टित मालावर ते छापण्याची सक्ती २०११ च्या वजनमाप नियमांनी केलेलीच आहे. काडेपेटीवर कारखान्याचे नाव असते. ती दोन रुपयांची काडेपेटी त्याच डब्यात मांडावी. आणि ज्यांना लायटर ठेवावयाचेच आहेत त्यांनी ते ठोक व्यापाऱ्याकडून पक्क्या पावतीवर घ्यावेत व पावतीची एक प्रत समितीच्या कार्यालयात द्यावी. कज्जा उभा राहिलाच, तर पहिल्या तारखेस तीच मागितली जाईल.