एकराला शंभर कोटी : टाळ्या कशासाठी?

३ ऑगस्ट २०२३ रोजी कोकापेटच्या लिलावात सरकारी जमिनीला एकरी १०० कोटी ७५ लाखांची बोली लागली आणि हैदराबादेत सण असल्यासारखा उत्साह संचारला. आपली मराठी मंडळीही मागे नव्हती. काचीगुडा, सुलतान बाजार भागातले जुने घरमालक तेव्हापासून आपला वाडा किती गजांचा याचा हिशेब मांडत बसले आहेत. त्यांच्या आनंदावर आम्ही विरजण घालणार आहोत, क्षमा असावी.

एकरात ४,८४० गज. म्हणजे गजाला दोन लाखांच्या वर, आणि ही किंमत नुसत्या मातीची! तिथे उंच मनोरे उभे राहणार म्हणून एवढा भाव आला, हे मान्य. पण हा पैसा बिल्डर स्वतःच्या खिशातून भरत नाही. तो भरतो वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेणारा तरुण, म्हणजे बहुधा तुमचा-आमचाच मुलगा. वाडा विकून बापाला जे मिळते, तेच दुसऱ्या दाराने मुलगा बँकेला देतो.

भाव वाढला म्हणजे संपत्ती वाढली, हा समजच मुळात खोटा आहे. वाडा काल सात खोल्यांचा होता, आजही सातच खोल्यांचा आहे. देशात एक वीटही वाढली नाही. मात्र ज्या पैशातून एखादे यंत्र आले असते, छापखाना निघाला असता, चार माणसे कामाला लागली असती, तो पैसा रिकाम्या प्लॉटवर जाऊन झोपतो. हप्ता भरणारा मुलगा नोकरी सोडून धंदा काढायचे धाडस करीत नाही. दुकानाचे भाडे वाढले की दुकानदार माल महाग करतो किंवा शटर ओढतो. कामगार शहराबाहेर फेकला जातो, त्याचे दोन-तीन तास बसमध्ये जातात आणि मालकाला पगार वाढवावा लागतो. २०२२-२३ मध्ये देशातील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ५ टक्क्यांवर आली होती. सगळा दोष घरकर्जाचा नव्हे, पण त्याचा वाटा मोठा आहे.

'बांधकामामुळे रोजगार मिळतो ना?' असे विचारणारे भेटतात. आयर्लंडकडे पाहा. सुमारे ४२ लाख वस्तीच्या त्या देशात २००६ साली जवळपास ९० हजार घरे बांधली गेली. दर आठ कामकऱ्यांत एक बांधकामावर होता. बँकांनी बिल्डरांना हात सैल सोडून कर्जे दिली. मग भाव कोसळले, २०१२ पर्यंत निम्म्यावर आले. बेकारी ५ टक्क्यांच्या आतून १५ टक्क्यांपर्यंत गेली. २०१० च्या नोव्हेंबरात ८५ अब्ज युरोंच्या मदत-योजनेसाठी सरकारला बाहेर हात पसरावा लागला. तरुण पुन्हा परदेशी निघाले. ज्यांनी कधी प्लॉटचा सौदा केला नव्हता, त्यांचेही पगार आणि पेन्शन कापले गेले.

हैदराबादेत तसेच घडेल असे आम्ही म्हणत नाही. पण इथे आणखी एक गोम आहे. ज्या सरकारची तिजोरी जमिनीच्या लिलावावर आणि नोंदणी शुल्कावर भरते, ते सरकार घरे स्वस्त व्हावीत म्हणून मनापासून कसे झटेल? २०२३ च्या डिसेंबरात राज्यातली सत्ता बदलली; लिलाव बदलले नाहीत, बोल्या तेवढ्या आणखी वर गेल्या. या बाबतीत सगळे पक्ष एका माळेचे मणी आहेत.

वाडा विकू नका, असा उपदेश आम्ही करणार नाही. अडचण प्रत्येकाची वेगळी. मात्र मत मागायला जो कोणी दारात येईल, त्याला चहा देण्याआधी इतके विचारा : लिलावातली किती जमीन भाड्याच्या साध्या घरांसाठी राखणार? वर्षानुवर्षे रिकाम्या पडलेल्या प्लॉटांवर जास्त कर बसवणार की नाही? उत्तर लिहून घ्या आणि मंडळाच्या कार्यालयात आणून द्या. पुढच्या अंकात आम्ही ते उमेदवाराच्या नावानिशी छापू.