गार पाणी नको, ऊब हवी

बाळ जन्मताच रडलं नाही, की तोंडावर गार पाण्याचा हबका मारायचा, ही जुनी रीत. आता ‘मोठ्या दवाखान्यात डॉक्टरही बाळ थंड करतात’ हे ऐकून कोणी तिला उचलून धरू नये.

जन्मवेळी मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेल्या बाळाला सहा तासांच्या आत थंड करून ३३.५ अंशांवर ७२ तास ठेवतात. त्याने मेंदूची प्राणवायूची गरज घटते. श्रीमंत देशांत याचा गुण आला. मात्र भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ७ मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीचा निकाल २०२१ साली आला, तो उलटा. थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के बाळे दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के.

तेव्हा खरा इलाज पहिल्या मिनिटातच. बाळ कोरडे पुसावे, उबेत ठेवावे, तरी श्वास नसेल तर अंबू बॅगने द्यावा. आपल्या उपकेंद्रात ती बॅग आहे काय, चालवणारी शिकलेली नर्स रात्री हजर असते काय, हे सरपंचांनी स्वतः जाऊन पाहावे. मोटार जळाली तर आपण रातोरात मिस्त्री गाठतो. इथे तर लेकराचा जीव आहे.