उसना वेग

धातू कापताना वेग वाढविला की हत्यार तापते व त्याची धार जाते, हा कारखान्यातील रोजचा अनुभव. परंतु वेग आणखी वाढवीत नेला, तर एका मर्यादेपलीकडे तापमान उलट उतरू लागते, असा दावा कार्ल सालोमन या जर्मन संशोधकाने 1931 साली केला. पुढील प्रयोगांत तो जसाच्या तसा टिकला नाही. तथापि त्याने दाखविलेली वाट फलदायी ठरली. काप उथळ आणि फेरे अतिवेगवान ठेवले, तर बरीचशी उष्णता धातूच्या किसाबरोबरच निघून जाते. विमानाचे पातळ भिंतींचे भाग अखंड ठोकळ्यातून कोरले जातात आणि साच्यांचे कठीण पोलाद थेट कापले जाते, ते याच तंत्राने.

आपल्या कारखानदारीतही 'हायस्पीड मशीनिंग' हा आता परवलीचा शब्द झाला आहे. मात्र यंत्र आणले की वेग आला, हा समज भाबडा होय. मिनिटाला वीस हजार फेरे घेणाऱ्या स्पिंडलमध्ये किंचित असमतोलही खपत नाही. कारण वेग दुप्पट झाला की त्या असमतोलाचा जोर चौपट होतो. बेअरिंग, हत्याराची पकड, नियंत्रक आणि या साऱ्याची जाण असलेला कामगार यांपैकी एक कडी कच्ची राहिली, तरी कोट्यवधींचे यंत्र मंदगतीनेच चालवावे लागते.

यंत्रे घडविणारी यंत्रे देशातच व्हावीत, या हेतूने 1953 साली हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. असे असूनही उच्च दर्जाच्या नियंत्रकांसाठी आपण आजही मुख्यतः जपान-जर्मनीकडेच पाहतो. हा केवळ परकीय चलनाचा प्रश्न नव्हे. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने पाणबुड्यांचे पंखे कोरण्यास उपयुक्त अशी यंत्रे निर्बंध डावलून सोव्हिएत संघाला विकल्याचे 1987 साली उघड झाले, तेव्हा अमेरिकेत केवढा गहजब उडाला! अशी यंत्रे शस्त्रांइतकीच मोलाची मानली जातात आणि त्यांच्या निर्यातीवर आजही आंतरराष्ट्रीय नियंत्रणे आहेत, हे विसरून चालणार नाही. देणाऱ्याचा हात केव्हाही आखडू शकतो.

घोडा भाड्याने आणता येतो. मांड स्वतःचीच लागते. यंत्रखरेदीला सवलती देताना स्पिंडल व नियंत्रकांच्या स्वदेशी संशोधनासाठीही सरकारने तितकीच सढळ तरतूद करावयास हवी. उद्योगपतींनीही नफ्यातील काही वाटा तिकडे वळवावा आणि आयटीआयमधील मुलांचे हात जुन्या लेथवरून या नव्या यंत्रांवर लवकरात लवकर बसवावेत. अन्यथा आपला वेग उसनाच राहील.