पट्ट्याची पावती आणि खड्ड्याची पावती



४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्याला धडकली. मागे बसलेले दोघे गेले. दोघांनीही पट्टा लावला नव्हता. १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांचा हुकूम सुटला. अंधेरी असो की मुलुंड, बोरिवली असो की घाटकोपर, मागच्यानेही पट्टा बांधायचा. हुकूम योग्यच आहे. पट्ट्याने जीव वाचतो, तो बांधाच.

पण त्या पुलावर तीन पदरी रस्ता एकदम दोन पदरी होत होता, त्याचा जाब कोणाला?

२०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात दोन्ही कलमे आहेत. १९४-ब : पट्टा नसेल तर चालकाला १,००० रुपये दंड. १९८-अ : सदोष रस्त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर ठेकेदाराला, रस्त्याच्या खात्याला १ लाखापर्यंत दंड. पहिल्या कलमासाठी चौकात शिपाई उभा, खांबावर कॅमेरा. दुसऱ्यासाठी कोण उभा आहे? खड्ड्यात मेलेल्याच्या वारसांना ६ लाख द्या, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाला सांगावे लागले.

आपला माणूस ट्रॉलीत कापसावर बसून बाजाराला जातो. तिथे पट्टा नाहीच. खड्डा मात्र हमखास आहे. म्हणून अपघात झाला की पंचनाम्यात रस्त्याची अवस्था लिहून घ्या, खड्ड्याचा फोटो काढा, १९८-अ लावा असा आग्रह धरा.

पट्ट्याची पावती आम्ही भरू. खड्ड्याची सरकारने भरावी!