नारायण विनायक जगताप यांची कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, हे पुढे सर्वांना कळले. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेऊन त्यांनी हे टोपणनाव रचले होते. इतकेच नव्हे, तर हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून प्रत मंगलाबाईंच्या अक्षरात करून घेतली होती. २०२५ साली नारळीकर निवर्तले तेव्हा ही हकीकत पुन्हा एकदा गंमत म्हणून सांगितली गेली. तिच्याकडे जरा गांभीर्याने पाहावयास हवे, असे आम्हांस वाटते.

नारळीकर कथालेखक होण्यास निघालेले नव्हते. त्यांचे शालेय शिक्षण बनारसला हिंदी माध्यमातून झाले, पुढे ते केंब्रिजला शिकले. मराठी ही त्यांच्या घरातली भाषा. शाळेतली नव्हे आणि संशोधनाची तर नव्हेच. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल विज्ञानकादंबऱ्या लिहीत असत, तेव्हा असे लेखन शास्त्रज्ञाला कमीपणा आणणारे नाही एवढे त्यांनी जवळून पाहिलेले होते. तरीही पहिली विज्ञानकथा लिहिली गेली ती वयाच्या छत्तिशीत, अहमदाबादेतील एका परिसंवादात समोरचे व्याख्यान कंटाळवाणे होऊ लागल्यावर. (रटाळ व्याख्यात्यांचे मराठी साहित्यावर इतके ऋण क्वचितच असेल!)

पण कंटाळा काय, सर्वांनाच येतो. त्या कंटाळ्यातून कथा निघाली, कारण ती पाठवावयास एक जागा होती. कोणीतरी मराठीत विज्ञानकथा मागितली होती, आणि नाव झाकून ती पाठविता येत होती. आपल्या नावाच्या वजनाने परीक्षक दबू नयेत, ही नारळीकरांची भूमिका होती. याची दुसरी बाजूही आहे. ज्याचे एका क्षेत्रात नाव झालेले असते, त्याला दुसऱ्या क्षेत्रात उमेदवारी करण्याचा संकोच असतो. जगतापांची कथा पडली असती, तर ती जगतापांची पडली असती.

यापुढचे श्रेय मागणाऱ्यांचे आहे. ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी आणखी कथा लिहून घेतल्या. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवतांनी या लेखनाची आवर्जून दखल घेतली. विज्ञानकथा मराठीत त्यापूर्वीही होत्या. परंतु एक खगोलशास्त्रज्ञ आयुष्यभर मराठीत लिहीत राहिला, याला ही मागणी कारण झाली.

प्रतिभा असेल तो लिहिल्यावाचून राहत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. संपादकांना ती फार सोयीची आहे, कारण मग त्यांना काही करावयास नको. वास्तविक धरणांवरचे अभियंते, प्रसूतिगृहांतील परिचारिका, जिल्हा न्यायालयांतील वकील यांच्यापाशी जे अनुभव आहेत, ते नेहमीच्या लेखकांपाशी नाहीत. आपण कथा लिहू शकू हे त्यांच्या मनातही येत नाही, आणि आपले बहुतेक दिवाळी अंक ठरलेल्या नावांना पत्रे धाडून भरतात. खुल्या स्पर्धांत कचरा पुष्कळ येतो, हा आक्षेप खरा आहे. तो वाचणे हे संपादकाचे कामच आहे.

म्हणून एक साधी सूचना. प्रत्येक दिवाळी अंकाने एक कथा अशी छापावी, की जिच्या लेखकाने पूर्वी कथा लिहिलेली नाही. कथा मागवावी व्यवसायानुसार, एका वर्षी परिचारिकांकडून, दुसऱ्या वर्षी अभियंत्यांकडून. आणि नावाचे पाकीट निकाल लागल्यानंतरच फोडावे.