उभी असताना सरळ, चालताना वाकडी

गेल्या वर्षी या सदरात आम्ही लिहिले होते की, आमच्या भाच्याने गॅरेजात स्वतःच्या हाताने गाडी बांधायला घेतली आहे. तेव्हापासून कुणी ना कुणी वाचक विचारतोच, "गाडी रस्त्यावर आली का?" आम्ही उत्तर टाळत होतो. गाडी तयार होती, रंग लागला होता, इंजिन एका किल्लीत सुरू होत होते. फक्त ती सरळ चालत नव्हती.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, आता मुक्काम बर्मिंगहॅमजवळ. ब्रिटनमध्ये घरी स्पोर्ट्स कार बांधण्याचा शौक जुना आहे. १९५७ साली आलेली कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडता येत असे. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी तशा धाटणीची गाडी २५० पौंडांत कशी बांधावी यावर पुस्तक लिहिले, आणि अशा गाड्यांना 'लोकॉस्ट' हे नाव पडले. चौकोनी नळ्यांची चौकट स्वतः वेल्ड करायची, बाकीचे भाग जुन्या फोर्डमधून काढायचे. आमच्या गाडीत चाकाचा हब धरणारे उभे तुकडे, म्हणजे अपराइट, कॉर्टिनाचे आहेत आणि स्टिअरिंगचा रॅक एस्कॉर्टचा. २५० पौंडांचा आकडा मात्र आता पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच उरला आहे!

नोंदणी होईपर्यंत अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर फिरवता येत नाही. म्हणून एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खासगी रस्त्यावर तिला नेले. पहिल्याच खड्ड्यात गाडी डावीकडे झेपावली. हातात स्टिअरिंग घट्ट धरलेले, तरी चाके आपल्या मनाने वळली. दुसरी खोड अशी की, वळण घेतल्यावर स्टिअरिंग सोडले तर ते परत सरळ यायचे नाव घेईना. भाचा उतरला तो गप्पच होता. शेजारी आम्ही बसलो होतो म्हणून ठीक, पण या सीटवर पहिल्यांदा बसायचा मान त्याने त्याच्या अम्मीला, म्हणजे आमच्या आपाला, केव्हाच देऊन ठेवला होता.

गाडी ट्रेलरवर घालून व्हील अलाइनमेंटच्या दुकानात नेली. यंत्राने सगळे आकडे हिरवे दाखवले. पैसे दिले आणि परत आलो. इथे आमच्या डोक्यात उजेड पडायला आठवडा लागला: यंत्र मोजते ते उभ्या गाडीचे. आमचा दोष चाक वर-खाली होताना उमटत होता.

हे समजायला आंब्याच्या फांदीला बांधलेले दोन झोपाळे डोळ्यांपुढे आणा. दोन्हींच्या दोऱ्या सारख्या असतील आणि दोन्हींवर मिळून एक फळी बांधली, तर झोका दिल्यावर फळी सरळ राहते. एक दोरी आखूड असेल किंवा वेगळ्या उंचीवर बांधली असेल, तर फळी तिरकी होते. गाडीत अपराइटला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी हात धरून ठेवतात, त्यांना विशबोन म्हणतात. स्टिअरिंगच्या रॅककडून येणारा टाय रॉड हा तिसरा हात. खड्ड्यात चाक उचलले की तिघेही आपापल्या कमानीत फिरतात. टाय रॉडची कमान बाकीच्या दोघांशी जुळली नाही, तर तो चाकाला ओढतो किंवा ढकलतो. चालकाने काही न करताच चाक वळते. इंग्रजीत याला बंप स्टिअर म्हणतात.

मोजायला महागडी साधने लागली नाहीत. गाडी स्टँडवर घेतली, पुढच्या स्प्रिंगा काढल्या, रॅक मधोमध बांधून टाकला. हबवर ६०० मिलिमीटर लांबीची प्लायवूडची फळी आवळली. जॅकने चाक १०-१० मिलिमीटर उचलत गेलो आणि फळीच्या पुढच्या व मागच्या कडेचे अंतर एका जड, न हलणाऱ्या लोखंडी खांबापासून मोजत गेलो. दोन्ही अंतरे सारखीच बदलली, तर चाक वळलेले नाही. डावे चाक ४० मिलिमीटर वर गेले तेव्हा पुढची कड मागच्या कडेपेक्षा ६ मिलिमीटर बाहेर गेली. ४० खाली गेले तेव्हा ५ आत आली. उजवीकडे हेच आकडे ४ आणि ३.

वर जाताना बाहेर आणि खाली येताना आत, याचा अर्थ टाय रॉडची लांबी जवळपास ठीक, उंची चूक. (दोन्ही वेळा एकाच दिशेला वळला असता, तर लांबीवर संशय घ्यायचा.) आमचा रॅक चाकांच्या आसापुढे आहे. त्या मांडणीत हे लक्षण रॅक जास्त वर बसल्याचे असते. हिशेब केला तेव्हा डावी बाजू साधारण ८ मिलिमीटर उंच निघाली, उजवी ५. म्हणजे रॅक उंच तर होताच, वर तिरकाही होता.

आता कबुली देतो. रॅकचे ब्रॅकेट आम्हीच वेल्ड केले होते. भाचा म्हणाला होता, "मामू, एकदा मोजून घेऊ." आम्ही म्हणालो, "चाळीस वर्षांची नजर आहे." बाहेर अंधार पडला होता आणि आपाने जेवायला हाक मारली होती, इतकाच काय तो बचाव.

रॅक खाली बसला असता तर त्याच्याखाली चकत्या घालून भागले असते. उंच बसल्यामुळे ब्रॅकेट कापावे लागणार होते. आम्ही ग्राइंडर हातात घेतला, तेव्हा भाच्याने वायर काढून घेतली. त्याचे म्हणणे, आधी दुसरी खोड पाहू.

ती दुसरी खोड म्हणजे कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून वेगात हात सोडला तरी हँडल सरळ राहते. मोटारीतही चाक ज्या अक्षाभोवती वळते तो मागे कलता हवा. चाक २० अंश बाहेर आणि २० अंश आत वळवून दोन्ही वेळचा चाकाचा उभा कल मोजला, त्यातल्या फरकाची दीडपट केली, की कॅस्टर कळतो. आमचा साडेतीन अंश आला. एवढ्या हलक्या गाडीला तो पुरेना.

इथे एका अनुभवी गृहस्थाने सल्ला दिला: तपासणीच्या दिवशी टायरमध्ये हवा वाढवा, चाकांची पुढची कड थोडी बाहेर करा, स्टिअरिंग परत येईल, पास व्हाल, मग घरी येऊन पूर्ववत करा. तारीख घेतली होती, फी भरली होती. मोह झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. भाच्याने एवढेच विचारले, "मग अम्मी बसेल तेव्हा कुठली हवा भरायची?"

वरचे विशबोन नव्याने केले, बॉल जॉइंट आठ-नऊ मिलिमीटर मागे घेऊन. कॅस्टर साडेपाच अंशांवर आला. पुन्हा फळी लावली, आणि भाच्याने वायर का काढली ते कळले. अपराइट मागे कलला की त्याचा पुढे आलेला स्टिअरिंगचा हात वर उचलला जातो, आमच्या गाडीत जवळपास ४ मिलिमीटर. डावीकडची चूक आता साडेचार उरली होती, उजवीकडची दीड. आधीच आठ आणि पाच कापले असते, तर रॅक उलट बाजूने चुकला असता. जो कुणी हे काम घेईल त्याने क्रम लक्षात ठेवावा: आधी उंची, मग कॅस्टर आणि कॅम्बर, मग बंप स्टिअर, सर्वांत शेवटी टो.

ब्रॅकेट कापून नव्याने बसवले, या वेळी मोजून. शेवटी ४० मिलिमीटर वर आणि खाली, दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर फरक राहिला. तो तसाच सोडला.

नवी तारीख घ्यावी लागली. ब्रिटनमध्ये २००९ पासून अशा गाड्यांसाठी आयव्हीए नावाची तपासणी आहे. त्यात वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येते का, हेही पाहतात. तपासनीसाने हात सैल केले, चाक परत आले. तरी गाडी नापास झाली! डॅशबोर्डखालची एक कड त्यांना टोकदार वाटली. त्यावर रबराची पट्टी चढवून दुसऱ्या फेरीत पास झालो.

आपा शुक्रवारी दुपारी बसली, ओढणी नीट खोचून. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात चाक दणकन आपटले. ती म्हणाली, "हे अजून नीट झालं नाही वाटतं." भाचा हसला, कारण स्टिअरिंग जागचे हलले नव्हते.