आधी प्रकृती विचारा

रमजानमध्ये इफ्तारचे ताट शेजारीही जाते. ते देताना पवनीत कोणी धर्म विचारत नाही. प्रकृती मात्र विचारायला हवी.

किडनीचा जुना आजार असलेल्यांना खजूर, केळी, नारळपाणी सोसतेच असे नाही. यांत पोटॅशियम भरपूर असते. किडनी थकली की ते रक्तात साचते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. भजी, पापड, लोणच्यातल्या मिठाने रक्तदाब आणि सूज वाढते. सैंधव हेही मीठच, आणि 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम असते.

मग खायचे काय? आपल्या धानाच्या पट्ट्यात भात आहेच. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी, ते पाणी फेकावे. फळांत सफरचंदाच्या दोन फोडी चालतात. वरण, अंडी, मटण आणि पाणी किती, हे रक्ततपासणी पाहून डॉक्टर सांगतील. डायलिसिसवर असलेल्यांना प्रथिने जास्त लागतात, इतरांना बेताने.

काही ज्येष्ठ 'लोक काय म्हणतील' म्हणून औषध चुकवून रोजा धरतात. कुरआनने (सूरह बकरा, 184-185) आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा दिली आहे. आजार बरा होणारा नसेल तर फिदया, म्हणजे गरजूला जेवण. ही सवलत घेतल्याने ईमान उणे होत नाही. एकादशीला बटाटा-शेंगदाणे खाणाऱ्या किडनीच्या रुग्णानेही हाच विचार करावा.

वाढण्याआधी 'तुम्हाला काय चालते?' एवढे विचारा. तीही मेहमाननवाजीच.